खेळाडू मुली, बिगरखेळाडू मुली आणि आपली स्टॉपवॉच

प्रश्न थोडक्यात असा. एक तरुण क्रीडाशिक्षक तालुक्याच्या गावी शिकवतात. एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी त्यांनी १३ ते १६ वयाच्या ३० खेळाडू आणि ३० बिगरखेळाडू मुलींच्या सहा चाचण्या घेतल्या: ५० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, शटल रन, सिट-अप्स, ६०० मीटर आणि सिट अँड रीच (बसून पुढे वाकायची लवचीकतेची चाचणी). पाचांत खेळाडू सरस, लवचीकतेत दोन्ही गट सारखे. गाइड म्हणाले, ‘छान, परिकल्पना स्वीकारा आणि टायपिंगला टाका.’ यांना मात्र चैन पडेना. या निष्कर्षाचा नेमका अर्थ काय, लवचीकतेतच फरक का नाही, आणि मुख्याध्यापकांनी ‘यातून शाळेला काय?’ असं विचारलं तर काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, चैन पडत नाही हे चांगलं लक्षण आहे. मी एकतीस वर्षं शारीरिक शिक्षण आणि खो-खो शिकवला. त्यातली बरीच वर्षं दरसाल कुणा ना कुणाच्या लघुप्रबंधाला मैदान आणि मुली पुरवण्यात गेली. प्रबंध मंजूर झाले, फरक नेहमी ‘सार्थक’, म्हणजे नुसत्या योगायोगाचा नव्हे असा, निघाला, आणि नंतर त्या वह्या कुणी उघडल्या नाहीत.

सरळ उत्तर आधी देते. तुमचे आकडे बहुधा खरे आहेत. पण शेवटच्या प्रकरणात ‘खेळामुळे मुलींची शारीरिक क्षमता वाढते’ असं लिहायची जी पद्धत आहे, ते मात्र या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. संघ निवडताना आपण काय करतो ते आठवा. जूनमध्ये शाळा उघडली की पाचवी-सहावीच्या मुली पळवतो. जी पुढे येते तिला म्हणतो, ‘उद्यापासून सकाळी साडेसहाला ये.’ तीन वर्षांनी तिलाच पुन्हा पळवतो आणि ती पुढे आली की म्हणतो, खेळामुळे आली. चाळणीतून गाळलेलं पीठ बारीक निघालं म्हणून जात्याचं कौतुक करायचं, त्यातला हा प्रकार. जात्याचं काम नसतं असं नाही. पण जात्याचं किती आणि चाळणीचं किती, हे तुमच्या तक्त्यांतून वेगळं काढता येत नाही.

माझा स्वतःचा प्रबंध याहून वाईट होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खेळाडू मुलींच्या चाचण्या मी सकाळी सातला घेतल्या. फेब्रुवारीची थंड हवा, आदल्या संध्याकाळी पाणी मारून बसवलेलं मैदान, ताजी फक्की मारलेल्या रेषा. बिगरखेळाडू मुली मात्र मिळाल्या कवायतीच्या तासाला, मधल्या सुट्टीनंतर, डबा खाऊन, दीडच्या उन्हात. निम्म्या चपला घालून, निम्म्या अनवाणी. पहिल्याच जोडीतली एक रेषेवर येऊन म्हणाली, ‘मॅडम, पळायचंय का नुसतं तिथवर जायचंय?’ मी म्हटलं, पळायचंय. ती पळाली, पण कशी? ओढणीचं टोक दोन बोटांत धरून, मान एका बाजूला पाडून, निम्म्या वाटेत मैत्रिणीकडे बघून हसत. कारण मैदानाला लागून असलेल्या वर्गाच्या खिडकीत नववीची मुलं उभी होती.

तिची वेळ मी ‘वेग’ या मथळ्याखाली लिहिली. तो वेग नव्हताच. ती मुलगी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर जिवाच्या आकांताने पळायला उभी होती आणि मी तिची लाज सेकंदांत मोजत होते. खेळाडू मुलीला शिट्टी, रेषा, बघणारे डोळे यांची सवय झालेली असते. पोट दुखेपर्यंत पळायचं असतं हे तिला ठाऊक असतं. तुमच्या पाच चाचण्यांतल्या फरकाचा एक हिस्सा या सवयीचा आहे. तो किती, ते बघायचा सोपा उपाय आहे. बिगरखेळाडू मुलींना आठवडाभर रोज एकदा त्याच चाचण्या सरावाला द्या, नुसती ओळख म्हणून, आणि मग पुन्हा मोजा. आठवड्यात स्नायू काही बदलत नाहीत. जेवढा आकडा सुधारेल तेवढा आधी धिटाईचा आणि सवयीचा होता. जागेवरून लांब उडीत तर हे फार दिसतं. हात मागून पुढे झोकून उडी घ्यायची असते हे एकदा कळलं की त्याच दिवशी अंतर वाढतं.

आता ‘बिगरखेळाडू’ कोण ते बघू. तुमची व्याख्या आहे, ‘कोणत्याही शालेय स्पर्धेत सहभागी न झालेली’. म्हणजे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य यांपैकी कुठल्याच प्रवेशिकेवर जिचं नाव चढलं नाही ती. आमच्याकडे आठवीत अशी एक मुलगी होती. डोंगरापलीकडच्या वाडीवरून पायी यायची, जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. निघण्याआधी हंडा-कळशीच्या दोन खेपा. ५० मीटरला ती मागेच राहिली. ६०० मीटरला मात्र तिने आमच्या खो-खोच्या कप्तानाला अंतिम रेषेच्या दीडशे पावलं आधीच गाठलं आणि पुढे निघून गेली. संपल्यावर कप्तान गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. ही उभ्यानेच विचारत होती, ‘झालं?’ माझ्या तक्त्यात ती बिगरखेळाडू. तिला संघात घ्यायचा मी खूप प्रयत्न केला. ते जमलं नाही, कारण संध्याकाळी घरी शेळ्या होत्या.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींची माहिती एकत्र मांडली. दिवसाला सरासरी तासभर, दम लागेल इतपतही हालचाल न करणाऱ्या मुली जगभरात ८५ टक्के निघाल्या, मुलगे ७८ टक्के. मुलींत त्यातल्या त्यात कमी निष्क्रियता दिसली ती बांगलादेश आणि भारतात, आणि त्याचं संभाव्य कारण म्हणून त्यांनीच मुलींवर पडणारं घरकाम सांगितलं. हे वाचून अभिमान वाटून घ्यावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण तुमच्या कामापुरता अर्थ साफ आहे. व्हॅनने शाळेत येऊन व्हॅनने क्लासला जाणारी पुण्यातली मुलगी आणि वाडीवरून चालत येणारी मुलगी यांना ‘बिगरखेळाडू’ या एका रकान्यात बसवता येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य मिळवलं. तिचं नाव पहिल्यांदा कुठल्या तरी प्रवेशिकेवर चढलं, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या व्याख्येप्रमाणे ती बिगरखेळाडूच होती.

म्हणून प्रत्येक मुलीची रोजची हालचाल विचारून घ्या. ‘तू व्यायाम करतेस का?’ असं विचारलंत तर साठपैकी पन्नास ‘नाही’ म्हणतील. ‘काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?’ असं विचारा आणि ती सांगेल ते लिहून घ्या. विहीर किती लांब, सायकल आहे का, दळण कोण आणतं, शेतात जाते का. गटातल्या गटातच केवढा फरक आहे ते यातून दिसेल.

वयाचा मुद्दा याहून अवघड आहे. १३ ते १६ हा गट कागदावर बरा दिसतो, मैदानावर तो एक गट नसतोच. मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आगेमागे, आणि त्यानंतर साधारण वर्षभराने पहिली पाळी येते. पण हे ‘साधारण’. एकाच बाकावरच्या दोन १३ वर्षांच्या मुलींत एकीला पाळी येऊन दोन वर्षं झालेली असतात आणि दुसरीची उंची आत्ता कुठे सुटायला लागलेली असते. पाळीच्या आगेमागे कमरेचा घेर वाढतो, चरबी वाढते. ही वाढ निरोगी आहे, ती व्हायलाच हवी. पण वजन वाढल्यामुळे पळताना आणि उडी मारताना काही काळ आकडा अडतो किंवा घसरतो. सातवीत वाऱ्यासारखी पळणारी पोरगी नववीत जड झाली, की आपण म्हणतो ‘लक्ष नाही हिचं’. लक्ष असतं. शरीर बदललेलं असतं आणि नव्या शरीराची सवय व्हायला तिला वेळ हवा असतो. नेमक्या याच वर्षी किती मुली मैदान सोडतात ते तुमच्या हजेरीपटात बघा. सोडलेल्या मुली तुमच्या बिगरखेळाडू गटात जमा होतात आणि हलक्याफुलक्या, उशिरा वयात येणाऱ्या मुली खेळाडू गटात उरतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात आणि जिम्नॅस्टिक्समध्ये उशिरा वयात येणाऱ्या मुली जास्त दिसतात हे जगभर नोंदलं गेलेलं आहे. जिम्नॅस्टिक्समुळे मुली बुटक्या राहतात असं पालक म्हणतात. बऱ्याच अंशी उलटं आहे, त्या खेळाला लहान चणीच्या मुलीच निवडल्या जातात आणि टिकतात. कबड्डीत परत वेगळं. कोपरारक्षक म्हणून आपण दणकट, लवकर वाढलेली मुलगी बघतो.

तुमच्या तीस खेळाडूंत खो-खोच्या किती आणि कबड्डीच्या किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते महत्त्वाचं आहे. शटल रन म्हणजे काय? दहा मीटर पळा, वाका, ठोकळा उचला, वळा, परत या. खो-खोच्या मुलीचा सगळा दिवस यातच जातो. पाटीवर बसलेली असताना खो मिळाला की झटक्यात उठून तुटून पडायचं, खुंटाला वळसा घालायचा. शटल रनमध्ये ती सरस येणारच, चाचणीच तिच्या खेळासारखी आहे. तीच मुलगी ६०० मीटरला बेताचीच निघू शकते, कारण तिचा संरक्षणाचा खेळ मिनिट-दोन मिनिटांचा, झटक्यांचा. ‘खेळाडू’ असा सरसकट शब्द वापरलात की हे सगळं झाकलं जातं.

पहिली पाळी कधी आली हे विचारावं का? विचारावं, पण तुम्ही नव्हे. शाळेतल्या बाईंना सोबत घ्या, पालकांची लेखी संमती घ्या, नोंद नावाने नको, क्रमांकाने ठेवा. महिना-वर्ष मुलींना आठवत नाही. ‘सातवीच्या दिवाळीआधी का नंतर?’ असं विचारलं की नेमकं उत्तर येतं. चाचणीच्या दिवशी पाळी असेल तर कारण न सांगता दुसऱ्या दिवशी यायची मुभा ठेवा. आणि वजन मोजताना आकडा मोठ्याने वाचू नका. मी वाचायचे. ‘बावन्न!’ म्हणून ओरडायचे आणि लिहिणारी मुलगी ‘बावन्न’ म्हणून परत ओरडायची. त्या बावन्नवाल्या मुलीने पुढे वर्षभर कवायतीच्या तासाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि मला कारण कळायला ते वर्ष जावं लागलं.

यानंतरची गोष्ट बहुतेक प्रबंधांत नसतेच. रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. आधीच्या फेरीत ते ५४ टक्के होतं. या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. ६०० मीटरच्या चाचणीत आपण ‘दमदारपणा’ मोजतो असं म्हणतो. दहा हिमोग्लोबिनच्या मुलीला कितीही दमदार स्नायू असले तरी त्यांना प्राणवायू नेऊन देणारी गाडीच कमी आहे. मग आपण काय मोजलं, खेळ की ताट?

माझ्या संघातली एक चांगली संरक्षक, दहावीत, अचानक पाटीवर बसल्या जागी पेंगायला लागली. दोन डावांत चेहरा पांढरा. मी आधी अभ्यासाचा ताण समजले, मग आळस समजले, मग चिडले. सहकारी बाईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली आणि मला म्हणाल्या, ‘ओरडू नकोस, तपासून आण.’ हिमोग्लोबिन आठच्या घरात निघालं. शाळेत आठवड्याची निळी गोळी मिळत होती, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची, पण पोटात मळमळतं म्हणून ती खिशात ठेवायची. जेवणाबरोबर चहा होताच, त्याने अन्नातलं लोह आणखी कमी शोषलं जातं. डॉक्टरांनी औषध दिलं, जंतांची गोळी दिली, गोळी जेवणानंतर आणि चहा दोन तास लांब असं ठरवून दिलं, वर लिंबू पिळून खायला सांगितलं. तीनएक महिन्यांनी ती पुन्हा पळायला लागली. त्या तीन महिन्यांत मी तिला एकही नवा व्यायाम दिला नव्हता.

तुमच्या खेळाडू गटात संघाच्या निमित्ताने केळी-अंडी मिळणाऱ्या, ज्यांच्या घरचे मुलीला सकाळी मैदानावर पाठवतात अशा घरांतल्या मुली जास्त असतील, तर तो फरकही ६०० मीटरमध्ये शिरलेला आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला विनंती करून साठही मुलींचं हिमोग्लोबिन तपासून घेता आलं तर तो एक रकाना तुमच्या पाच रकान्यांहून जास्त सांगेल. उलट बाजूही लक्षात ठेवा. एखादी मुलगी तुमच्या तक्त्यात सगळ्यात वर आहे, कोरडीठाक बारीक आहे आणि चार-सहा महिने पाळी आलेली नाही, तर ती ‘तंदुरुस्त’ नाही. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी बंद करतं आणि हाडांची भरणीही थांबवतं. अशा मुलीला डॉक्टरांकडे न्यायचं, राज्याच्या स्पर्धा तोंडावर असल्या तरी.

लवचीकता. तुमचे गाइड म्हणतात, ‘एखादी चाचणी अशी निघतेच.’ मला वाटतं तीच चाचणी सगळ्यात खरं बोलते आहे. सिट अँड रीचमध्ये पाय सरळ ठेवून पुढे वाकायचं. आपल्या मुली जमिनीवर मांडी घालून जेवतात, उकिडव्या बसून भांडी घासतात, वाकून झाडतात. मांडीच्या मागचे स्नायू आणि कंबर रोज ताणली जाते, खेळ असो वा नसो. उलट पळणाऱ्या मुलींचे हेच स्नायू, शेवटी ताणाचे व्यायाम न करता घरी पळाल्यावर, आखडतात. शिवाय उंची सुटताना पाय आधी लांब होतात, धड मागून येतं, त्यामुळे त्या वर्षी बोटं पट्टीवर कमी पोचतात, लवचीकता तेवढीच असून. म्हणजे दोन वेगवेगळ्या कारणांनी दोन गट एकाच आकड्यावर आले असतील.

अशाच पुढे वाकायच्या एका चाचणीने एकदा मोठा गोंधळही घातलेला आहे. १९५० च्या दशकात क्राउस-वेबर चाचण्यांत, म्हणजे स्नायूंची किमान ताकद आणि लवचीकता बघणाऱ्या सहा चाचण्यांत, अमेरिकेची ५७.९ टक्के मुलं नापास झाली आणि युरोपची फक्त ८.७ टक्के. अमेरिकेत हलकल्लोळ, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरांनी परिषद नेमली आणि त्यातून १९५८ ची ती ‘आफर’ची (AAHPER या अमेरिकी शारीरिक शिक्षण संघटनेची) युवा क्षमता कसोटी आली, जी आपण अजून पाठ करतो. पण नापास झालेल्यांत मोठा वाटा होता तो गुडघे न वाकवता जमिनीला बोटं टेकवायच्या एका चाचणीचा. दोन गटांचे आकडे शेजारी ठेवले की गोष्ट आपोआप तयार होते. ती बरोबर असेलच असं नाही.

मोजमापाबद्दल एकच सांगते, बाकी तुम्हाला येतं. ५० मीटरला तुम्ही अंतिम रेषेवर उभे राहून शिट्टीच्या आवाजावर घड्याळ सुरू केलंत का? आवाजाला ५० मीटर यायला सुमारे ०.१५ सेकंद लागतात. तेवढी प्रत्येक मुलगी फुकट वेगवान. दोन्ही गटांना तीच पद्धत असेल तर तुलनेला धक्का नाही. पण एका गटाला शिट्टी आणि दुसऱ्याला रुमाल असेल, तर शिट्टीवाल्या गटाच्या वेळेत ०.१५ आधी मिळवा. रुमाल खाली आला की घड्याळ सुरू, दोन्ही दिवशी, त्याच माणसाच्या हातात.

गणिताकडे येऊ. तीस-तीसच्या दोन गटांना टी-मूल्य (सरासरींतला फरक आकड्यांच्या विखुरण्याच्या मानाने केवढा, ते सांगणारा आकडा) २.०० च्या वर गेलं की ०.०५ पातळीवर ‘सार्थक’, म्हणजे खरा फरक नसताना असा आकडा योगायोगाने यायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. पण सहा चाचण्या सहा वेळा याच पातळीवर तपासल्या, आणि खरं तर कुठेच फरक नसला, तरी निदान एकीत नुसत्या योगायोगाने फरक निघायची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते. तुमच्या पाच निघाल्या, म्हणजे सगळा योगायोग नाही, हे मान्य. तरी फरक आहे की नाही एवढ्यावर थांबू नका, तो केवढा आहे ते लिहा. समजा लांब उडीत खेळाडूंची सरासरी १६५ सेंटिमीटर, दुसऱ्या गटाची १५३ आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूला आकडे किती विखुरले आहेत ते, १८. टी-मूल्य अडीचच्या वर, फरक सार्थक, गाइड खूश. पण याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की बिगरखेळाडूंपैकी चौथा हिस्सा, म्हणजे तिसात सात-आठ मुली, सरासरी खेळाडूपेक्षा लांब उडी मारतात. सात-आठ मुली, ज्यांना कुणी सकाळी ये म्हटलं नाही. मी मुख्याध्यापक असते तर मला त्यांची नावं हवी असती.

मग खेळाचा परिणाम दाखवायचा तरी कसा? याचं मला फार आवडणारं उदाहरण फिनलंडचं आहे. कानूस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली. खेळायचा हात आणि दुसरा हात. आईबाप तेच, ताट तेच, रक्त तेच, वय तेच. फरक फक्त रॅकेटचा. खेळणाऱ्या हाताचं हाड जास्त भरलेलं निघालं, आणि ज्यांनी पहिल्या पाळीच्या आधी किंवा त्या सुमाराला खेळ सुरू केला होता त्यांच्यात हा फायदा उशिरा सुरू करणाऱ्यांच्या निदान दुप्पट होता. चाळणीचा प्रश्नच उरला नाही, कारण बिगरखेळाडू हात त्याच बाईच्या खांद्याला होता. उड्या आणि धावणं पाचवी ते आठवीत का हवं, याचं इतकं चोख उत्तर मला दुसऱ्या अभ्यासात मिळालं नाही. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी नववीत मैदानावर येणाऱ्या मुलीला ते गुण मिळतील, पण हाडं भरायची मोठी संधी मागे गेलेली असते.

तुम्हाला हात मोजायची यंत्रं मिळणार नाहीत. त्याऐवजी त्या तीस बिगरखेळाडू मुलींच्या नावांच्या चिठ्ठ्या करा, डब्यात टाका आणि पंधरा काढा. निवडू नका, हे फार महत्त्वाचं. चांगली पळणारी वर येऊ दे की न पळणारी, आपला हात मध्ये नको. या पंधरा जणींना बारा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं द्या. साहित्य लागत नाही. लंगडी, दोरीउड्या, साखळी, बैठा खो, फुगडी, शेवटी ताणाचे व्यायाम. उडी मारून उतरताना गुडघे आत पडू देऊ नका, या वयाच्या मुलींचे गुडघे तिथेच जातात. उरलेल्या पंधरा जणींना तोवर नेहमीचा कवायतीचा तास, आणि बारा आठवड्यांनंतर त्यांनाही हेच, म्हणजे कुणी वंचित राहिली नाही. मग तीसही मुली पुन्हा मोजा. पंधरा जणी पुढे गेल्या तर ते जात्याचं काम. गाइडना सांगा की शीर्षक तेच राहील, फक्त एक प्रकरण वाढेल. कुरकुर करतील. करू द्या.

मुख्याध्यापकांना आत्ताच्या आकड्यांवरून ‘खेळ वाढवा, ढाल येईल’ असं सांगू नका. दोन गोष्टी मागा. एक, मैदानाजवळच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून लागणारी कडी. माझ्या अनुभवात नववीच्या मुली मैदानावरून गळतात त्याचं एक मोठं कारण तेच आहे, आणि तिथे प्रशिक्षकाचं कौशल्य चालत नाही. दोन, संघात नसलेल्या मुलींसाठी आठवड्यातून तीन दिवस अर्धं मैदान. संघाचा सराव अर्ध्या मैदानावर भागतो. खो-खोच्या क्रीडांगणाची लांबी २७ मीटर आणि रुंदी १६ मीटर, शाळेच्या मैदानात ते एका कोपऱ्यात मावतं.

पुन्हा चाचण्या घ्याल तेव्हा दोन्ही गट एकाच सकाळी, सगळ्या अनवाणी. ओढण्या वर्गात ठेवून येऊ देत. आणि मैदानाकडच्या खोलीत नववीचा वर्ग बसत असेल तर त्या तासापुरता तो मागच्या बाजूला हलवून घ्या.